वेगळा, निराळा, नाना तऱ्हेचा: इंग्रजीत काय लिहावं?

‘वेगळा’ हा मराठीतला पडेल ते काम करणारा शब्द आहे. हॉटेलात आपण ‘आमचं बिल वेगळं करा’ म्हणतो, दुकानात ‘हा नको, वेगळा दाखवा’ म्हणतो, शेजारच्यांचा मुलगा लग्नानंतर ‘वेगळा राहतो’, आणि एखाद्या लेखिकेबद्दल ‘तिचं लिखाण वेगळंच आहे’ असं कौतुकानं सांगतो. इंग्रजी लिहायला बसलो की या चारही ठिकाणी हात ‘डिफरंट’कडे जातो. चारांपैकी एकाच ठिकाणी तो बिनघोर चालतो, दुकानात.

बिलाच्या वाक्यात हवा आहे ‘सेपरेट’. ‘डिफरंट बिल्स’ मागितली तर वेटरला वाटेल आकडा चुकलाय, बिल बदलून हवंय. ‘सेपरेट’ म्हणजे सुटं केलेलं, एकमेकांत न मिसळलेलं. दोन सेपरेट बिलं अगदी सारख्या रकमेचीही असू शकतात. (स्पेलिंगमध्ये पी नंतर ए येतो. तिथे ई घालणारे अर्ज रोज कुठल्या ना कुठल्या कचेरीत जमा होत असतात.) तिसऱ्या वाक्यात मात्र ‘सेपरेट’ही घात करतो. ‘ही इज सेपरेटेड’ लिहिलं तर मुलगा आईवडिलांपासून नव्हे, बायकोपासून वेगळा झाला असा अर्थ होतो. तिथे साधं ‘दे हॅव अ प्लेस ऑफ देअर ओन’ लिहावं. आणि लेखिकेचं लिखाण ‘डिस्टिंक्टिव्ह’ असतं, म्हणजे दोन ओळी वाचल्या तरी तिची म्हणून ओळखू यावी असं.

या शेवटच्या जागी थोडं थांबायला हवं, कारण ‘डिफरंट’ आता मराठीतच कौतुकाचा शब्द झाला आहे. साडीच्या दुकानात ‘काहीतरी डिफरंट दाखवा’ म्हटलं की दुकानदार खूश होतो. सिनेमा ‘डिफरंट’ असला की तो चांगलाच असणार हे आपण गृहीत धरतो. ॲपलनं १९९७ साली ‘थिंक डिफरंट’ ही जाहिरात आणली तेव्हापासून जाहिरातवाल्यांनी या शब्दाला आणखी चमक दिली. पण रोजच्या इंग्रजीत, विशेषतः अमेरिकेत, तुम्ही केलेली आमटी चाखून कुणी जरा थांबून ‘वेल, इट्स डिफरंट’ म्हणालं, तर ती आवडली नाही असं समजावं. बोलणारा सभ्य आहे, एवढंच. म्हणून लेखी कौतुक करताना ‘डिफरंट’वर विसंबू नये. वेगळेपण कशात आहे ते पाहून ‘ओरिजिनल’, ‘अनयूज्वल’, ‘फ्रेश’, ‘डिस्टिंक्टिव्ह’ यांपैकी एक निवडावा. यातल्या ‘अनयूज्वल’मध्येही कौतुक आपोआप येत नाही, फक्त दुर्मीळपणा येतो.

दुसरी अडचण ‘वेगवेगळे’ची. मराठीत शब्द दुहेरी केला की अनेकवचन, वाटणी आणि निरनिराळेपण हे तिन्ही एका दमात सांगता येतं. त्याच सवयीनं ‘डिफरंट डिफरंट कलर्स’ तोंडी येतं. बोलण्यात ते भारतभर चालतं आणि समजतंही, पण लेखी इंग्रजीत चालत नाही. मग लोक त्याजागी डोळे मिटून ‘व्हेरियस’ टाकतात. इथे खरा फरक समजून घेण्यासारखा आहे.

‘मुलांनी वेगवेगळी उत्तरं दिली’ हे वाक्य घ्या. ‘द चिल्ड्रन गेव्ह डिफरंट आन्सर्स’ म्हणजे उत्तरं जुळली नाहीत. वर्गात एकाच गणिताची अशी उत्तरं आली असतील तर कुणीतरी चुकलंय. ‘द चिल्ड्रन गेव्ह व्हेरियस आन्सर्स’ म्हणजे बरीच उत्तरं आली, निरनिराळ्या प्रकारची. त्यांचा मेळ बसतो की नाही याबद्दल वाक्य काहीच म्हणत नाही. आणि प्रत्येकाचं उत्तर दुसऱ्याहून निराळं होतं असं ठासून सांगायचं असेल, तर ‘ईच चाइल्ड गेव्ह अ डिफरंट आन्सर’. मराठीतल्या दुहेरीकरणाला सगळ्यांत जवळचा इंग्रजी पर्याय हा ‘ईच’च आहे, आणि आपल्याकडे तो फार कमी वापरला जातो.

कसोटी सोपी आहे. आपल्या मराठी वाक्यात ‘वेगवेगळे’ काढून ‘बरेच’ घातलं आणि अर्थ फारसा हलला नाही, तर ‘व्हेरियस’ किंवा ‘सेव्हरल’ लिहावं. ‘एकासारखा दुसरा नाही’ हे घालावंसं वाटलं, तर ‘डिफरंट’.

‘व्हेरियस’ला एक पथ्य आहे: त्याच्यापुढे अनेकवचनच लागतं. ‘व्हेरियस बुक’ कुणी लिहीत नाही, पण ‘व्हेरियस इन्फर्मेशन’, ‘व्हेरियस फर्निचर’ सर्रास दिसतं. हे शब्द इंग्रजीत मोजता येत नाहीत. म्हणून ‘व्हेरियस काइंड्स ऑफ फर्निचर’ लिहावं.

‘डिफरंट’ अनेकदा लिहायचीच गरज नसते. ‘थ्री डिफरंट रीझन्स’ यातली कारणं तीन आहेत म्हणजे ती निराळी आहेतच. नुसतं ‘थ्री रीझन्स’ पुरतं. पण ‘थ्री डिफरंट डॉक्टर्स सेड द सेम थिंग’ यातला ‘डिफरंट’ काढू नका. एकाच डॉक्टरकडे तीनदा गेलो नाही, तिघांनी आपापलं तपासून एकच सांगितलं, हे तो शब्द सांगतो. आपल्या मजकुरातला प्रत्येक ‘डिफरंट’ पेन्सिलीनं खोडून वाचून पाहावा. दहातले निम्मे तरी जातील.

‘व्हेरियस’चा सख्खा भाऊ वाटणारा ‘व्हेरिड’ फार कामाचा आहे. ‘व्हेरियस मेन्यूज’ म्हणजे बरीच मेन्यूकार्डं. ‘अ व्हेरिड मेन्यू’ म्हणजे एकच मेन्यू, पण त्यात पुष्कळ प्रकार. डॉक्टर ‘व्हेरिड डाएट’ सांगतात तेव्हा ताटात भाजी, डाळ, फळं, दही असं सगळं असावं असा अर्थ असतो. एकवचनापुढे चालतो हा त्याचा मोठा गुण. याच कुळातल्या ‘व्हेरिएबल’पासून मात्र सावध राहा. ‘व्हेरिएबल क्वालिटी’ म्हणजे कधी बरी, कधी वाईट. घरगुती लोणच्याच्या लेबलवर ‘व्हेरिएबल टेस्ट’ छापलंत तर गिऱ्हाईक बरणी परत ठेवेल. ‘मिक्स्ड’चंही तेच. मिक्स्ड फ्रूट जॅम चांगला, पण ‘मिक्स्ड रिस्पॉन्स’ म्हणजे काहींना आवडलं, काहींना नाही. ‘व्हेरियंट’ आपल्याला गाड्यांच्या जाहिरातींनी शिकवला आणि कोविडनं घरोघरी पोचवला. जागतिक आरोग्य संघटनेनं मे २०२१ च्या अखेरीस त्या विषाणूच्या व्हेरियंट्सना अल्फा, डेल्टा अशी ग्रीक अक्षरांची नावं दिली. मूळ एकच आणि त्यात थोडा बदल, असा अर्थ दोन्हीकडे आहे. आंब्याच्या लोणच्याचा तिखट व्हेरियंट असू शकतो. लिंबाचं लोणचं हा आंब्याच्या लोणच्याचा व्हेरियंट नव्हे.

आता जिथे सगळ्यांत जास्त गोंधळ होतो तिथे येऊ: ‘व्हरायटी’ आणि ‘डायव्हर्सिटी’. दोन्हींचं भाषांतर आपण ‘विविधता’ करून मोकळे होतो. पण भारताच्या संसदेनं लागोपाठच्या दोन वर्षांत दोन कायदे केले आणि त्यांच्या नावांतच हा फरक पडलेला आहे. २००१ चा कायदा ‘प्लांट व्हरायटीज’चा, म्हणजे वनस्पतींच्या वाणांचं संरक्षण आणि शेतकऱ्यांचे हक्क यांचा. २००२ चा कायदा ‘बायॉलॉजिकल डायव्हर्सिटी’चा, म्हणजे जैविक विविधतेचा.

पहिल्या कायद्यातली ‘व्हरायटी’ ही मोजता येणारी, बोट दाखवता येणारी गोष्ट आहे. आंबेमोहोर ही एक व्हरायटी, इंद्रायणी ही दुसरी. वाणाची नोंदणी करायची तर ते इतर वाणांपासून ‘डिस्टिंक्ट’, म्हणजे ठळकपणे निराळं लागतं. शिवाय त्याची सगळी रोपं एकसारखी असावी लागतात आणि पुढच्या पिढ्यांतही ते गुण टिकावे लागतात. म्हणजे गंमत अशी की कायद्याच्या भाषेत ‘व्हरायटी’ आतून एकजिनसी असावी लागते. दुसऱ्या कायद्यातली ‘डायव्हर्सिटी’ कुठल्याही एका वाणात नसते. एका जातीच्या जिवांमध्ये, जातीजातींमध्ये आणि परिसंस्थांमध्ये मिळून जो निराळेपणा पसरलेला असतो, त्याचं ते नाव आहे. ती एकूण समूहाची अवस्था आहे.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या, बियाणं जपणाऱ्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कामाबद्दल इंग्रजीत लिहायचं तर दोन वाक्यं लागतील. त्यांनी जपली ती स्थानिक ‘व्हरायटीज’, एकेक नावाची, एकेक मडक्यातली. त्यामुळे टिकून राहिली ती तिथल्या पिकांची ‘डायव्हर्सिटी’. ‘शी सेव्ह्ड मेनी डायव्हर्सिटीज’ असं कुणी लिहिलं तर वाक्य कोसळतं, कारण डायव्हर्सिटी अशी सुटी सुटी मोजत नाहीत.

मोजणीचा हा मुद्दा आणखी एका अंगानं पाहू. समजा, दोन गावांत भाताची प्रत्येकी दहा वाणं आहेत. पहिल्या गावात ती साधारण सारख्या क्षेत्रावर आहेत. दुसऱ्यात जवळजवळ सगळ्या शिवारात एकच वाण आणि उरलेली नऊ बांधाकडेला, हौसेपुरती. ‘नंबर ऑफ व्हरायटीज’ दोन्हीकडे दहाच, पण डायव्हर्सिटी पहिल्या गावात जास्त. परिसंस्थाशास्त्रात हा हिशोब असाच करतात. कंपनीच्या अहवालात ‘अवर स्टाफ इज डायव्हर्स’ लिहिण्याआधी हे दुसरं गाव आठवायला हरकत नाही.

रोजच्या इंग्रजीत ‘व्हरायटी’चा सैल अर्थही आहेच: ‘अ व्हरायटी ऑफ स्नॅक्स’, नाश्त्याचे बरेच प्रकार. क्रियापदाची अडचण इथे येते. ‘अ व्हरायटी ऑफ स्नॅक्स’पुढे सहसा ‘आर’ घेतात, कारण बोलणं स्नॅक्सबद्दल आहे. ‘द व्हरायटी ऑफ स्नॅक्स’पुढे ‘इज’ येतं, कारण आता आपण त्या रेलचेलीबद्दल बोलतो. ‘रेंज’ वापरायचा तर दोन टोकं डोळ्यांसमोर असावीत: लहान मापापासून मोठ्यापर्यंत, पन्नास रुपयांपासून पाचशेपर्यंत. पापड, पणत्या आणि पिशव्या यांची ‘रेंज’ होत नाही, असं माझं जुन्या वळणाचं मत आहे. बाजार ते ऐकत नाही.

‘डायव्हर्स’ हे विशेषण समूहाला लागतं, एकट्या माणसाला नाही. परदेशी विद्यापीठात अर्ज करणारी मुलं ‘आय ॲम अ डायव्हर्स पर्सन’ लिहितात, ते म्हणूनच खटकतं. अमेरिकेत या शब्दाला कायद्याचं ओझंही आहे. १९७८ च्या बकी खटल्यात न्यायमूर्ती लुईस पॉवेल यांनी विद्यार्थ्यांमधली विविधता हे विद्यापीठाचं रास्त उद्दिष्ट मानलं आणि पुढची चार दशकं प्रवेशाच्या चर्चा या शब्दाभोवती फिरल्या. जून २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं वंशाचा विचार करून प्रवेश देण्याची पद्धत मोडीत काढली. तेव्हा तिकडच्या वाचकाला ‘डायव्हर्स’ हा शब्द आपल्यासारखा निव्वळ वर्णनाचा वाटत नाही. ‘माझ्या आवडी विविध आहेत’ हे सांगायला ‘व्हेरिड इंटरेस्ट्स’ पुरे. त्याहून बरं म्हणजे कबड्डी, पेटी आणि किल्ल्यांचे नकाशे अशी नावंच लिहावीत, वाचणाऱ्याला विविधता आपोआप दिसते.

माणसांबद्दलच आणखी एक. ‘डिफरंटली एबल्ड’ हा प्रयोग सद्भावनेनं केला जातो, पण भारताच्या २०१६ च्या कायद्याच्या नावात ‘पर्सन्स विथ डिसॅबिलिटीज’ असे शब्द आहेत, आणि अपंगत्व असलेल्या कितीतरी जणांना तो आडवळणाचा गोडवा नकोसा वाटतो. अर्जात, पत्रात कायद्याचाच शब्द वापरावा.

उरलेसुरले शब्द पटकन पाहू. ‘असॉर्टेड’ म्हणजे एका डब्यात मुद्दाम एकत्र भरलेले निरनिराळे प्रकार, बिस्किटांचे किंवा मिठाईचे. ‘मिसलेनियस’ म्हणजे कुठल्याच खात्यात न बसलेलं; त्यात कौतुक नाही, म्हणून आपल्या मालाला मिसलेनियस म्हणू नये. ‘सन्ड्री’ आज जिवंत आहे तो मुख्यतः हिशोबाच्या वह्यांत. टॅलीवर काम केलेल्या प्रत्येकानं ‘सन्ड्री डेटर्स’ आणि ‘सन्ड्री क्रेडिटर्स’ पाहिलेले असतात. ‘डिस्क्रीट’ उच्चारानं एक, स्पेलिंगनं दोन: शेवटी ई-टी-ई असेल तर सुटं सुटं, ई-ई-टी असेल तर तोंड सांभाळून वागणारा माणूस.

जिथे फरक असायलाच नको होता, तिथे ‘डिफरन्स’ हा शब्द मवाळ पडतो. आधारवर नाव एक आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरं, सातबाऱ्यावरचं क्षेत्र आणि मोजणीत निघालेलं क्षेत्र जुळत नाही: हे दोन्ही ‘डिस्क्रेपन्सी’. दोन नोंदी जुळायला हव्या होत्या आणि जुळल्या नाहीत, हे त्या शब्दात आहे. मराठीत आपण याला ‘तफावत’ म्हणतो. ‘डिस्पॅरिटी’ म्हणजे विषमता. जिथे बरोबरी असावी अशी अपेक्षा आहे तिथे ती नसणं. पगारातली, शाळांच्या सोयींतली. महाराष्ट्रात प्रदेशाप्रदेशांतल्या अशा फरकासाठी सरकारनं तिसराच शब्द घेतला. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली १९८३ साली नेमलेल्या समितीच्या नावात ‘रीजनल इम्बॅलन्स’ आहे, आणि ‘प्रादेशिक असमतोल’ हा आपला शब्दप्रयोग त्याच्याच जोडीनं रुळला. विदर्भ, मराठवाड्याच्या प्रश्नावर इंग्रजीत लिहिताना तोच शब्द ठेवावा. उगाच नवा घातला तर वाचणाऱ्याला तुम्ही भलत्याच गोष्टीबद्दल बोलताय असं वाटेल.

आता एक मजकूर हातात घेऊ. समजा, एका बचत गटानं प्रदर्शनासाठी इंग्रजी पत्रक केलं आणि त्यात लिहिलं: ‘वुई मेक डिफरंट डिफरंट पिकल्स ऑफ डायव्हर्स टेस्ट्स. अवर व्हेरियस प्रॉडक्ट्स आर व्हेरी डिफरंट दॅन मार्केट.’ व्याकरण बाजूला ठेवा. दोन वाक्यांत विविधतेचे पाच शब्द आहेत आणि एकाही लोणच्याचं नाव नाही. नऊ प्रकारची लोणची असतील तर ‘वुई मेक नाइन काइंड्स ऑफ पिकल’ लिहा. त्यातली तीन नावं द्या: करवंद, माईनमुळा, ओली हळद. नावं रोमन लिपीत तशीच ठेवा आणि प्रत्येकापुढे चवीचे दोन शब्द टाका. बाजारच्या लोणच्याहून काय निराळं, ते ‘व्हेरी डिफरंट’नं कळत नाही, तेल कमी आहे की व्हिनेगर नाही, ते लिहा. विविधतेचा एकच शब्द उरेल तो शेवटी: तीन छोट्या बरण्यांचा ‘असॉर्टेड बॉक्स’, किंमत अमुक.

यासाठी कोश कुठला बघावा? रॉजेट यांचा थिसॉरस १८५२ पासून चालत आला आहे, पण त्यात शब्द कल्पनांनुसार एकत्र आणलेले आहेत. ते एकमेकांच्या जागी बसतात असा दावा त्यात नाही. ज्याला शब्द आधीच माहीत आहेत त्याला आठवण करून द्यायला तो उत्तम. आपल्याला लर्नर्स डिक्शनरी अधिक उपयोगी पडते, ऑक्सफर्डची किंवा लाँगमनची. अर्थापेक्षा तिथली उदाहरणाची वाक्यं वाचावीत आणि त्या शब्दापुढे कुठलं नाम येतं ते बघावं.

शेवटी ‘डिफरंट’नंतर काय: ‘फ्रॉम’, ‘टू’ की ‘दॅन’? ‘फ्रॉम’ जगात सगळीकडे चालतं. ‘टू’ ब्रिटनमध्ये बोलण्यात भरपूर आहे, ‘दॅन’ अमेरिकेत. ‘फ्रॉम’शिवाय सगळं चूक, हा समज फाउलर यांनी १९२६ सालीच आपल्या कोशात अंधश्रद्धेत काढला होता. तरी परीक्षेत, सरकारी पत्रात आणि अर्जात ‘फ्रॉम’च लिहावं, कारण तपासणारा फाउलर वाचून आलेला असेलच असं नाही. पुढे अख्खं वाक्य येत असेल तर मात्र ‘दॅन’ सुटसुटीत पडतं: ‘इट लुक्स डिफरंट दॅन आय रिमेंबर’. आणि ‘डिफर’ हे क्रियापद वापरताना वस्तू वस्तूपासून ‘फ्रॉम’नं वेगळी होते, माणसाशी मतभेद असेल तर ‘डिफर विथ’. साहेबांना लिहायच्या पत्रात ‘आय बेग टू डिफर’ शक्यतो टाळा. मराठी कानाला ते नम्र वाटतं, साहेबांना ते टोचू शकतं. ‘आय सी इट डिफरंटली’ लिहिलं तर काम होतं.